रापी-आरीची धार

बाजाराच्या तोंडाशी किंवा स्टेशनाबाहेर छत्रीच्या सावलीत बसलेला चर्मकार आपण नेहमी पाहतो. त्याच्यापुढे लोखंडी तिवई, पाण्याचे भांडे, मेणाचा गोळा, दोऱ्याची गुंडी आणि चार लहान हत्यारे मांडलेली असतात. आपण तुटलेली चप्पल पुढे करतो, पाच मिनिटे उभे राहतो, पैसे देतो आणि चालू लागतो. त्या चार हत्यारांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज मी त्या हत्यारांविषयी, आणि विशेष करून त्यांना धार कशी लावावी याविषयी, आपल्याशी बोलणार आहे.

कोणी म्हणेल, धार लावणे हा काय भाषणाचा विषय झाला? विळ्याला धार तर आमच्या घरातले पोरही लावते! खरे आहे. भातकापणीच्या दिवसांत बांधावरच्या दगडावर विळा घासलेला नाही असा माणूस कर्जत-खालापुरात शोधूनही सापडायचा नाही. पण विळ्याची धार वेगळी आणि रापीची धार वेगळी. हा फरक मला स्वतःला फार उशिरा कळला, आणि तो कळायला एका मुलाचा तळहात कापावा लागला. ती हकीकत पुढे सांगतोच.

आधी या कामाची आपल्याला गरज किती, ते पाहू. कर्जत तालुक्यात माथेरानचा डोंगर आहे. वर मोटारी न्यायला बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी थांबली की पुढे पायी जावे, लहान आगगाडीने जावे किंवा घोड्यावर बसावे. २०२२ सालच्या अखेरीपासून ई-रिक्षाही आल्या आहेत, तरी घोडा काही गेलेला नाही. आता घोड्यावर बसताना काय होते पाहा. आपण एक पाय रिकिबीत घालतो आणि सारे अंग उचलतो. त्या क्षणी माणसाचा सगळा भार एका पट्ट्यावर, म्हणजे त्या पट्ट्याच्या आठ-दहा टाक्यांवर येतो. पोटाखालून खोगीर आवळणारा तंग सुटला, तर स्वार आणि खोगीर दोन्ही खाली. आता नायलॉनचे पट्टेही मिळतात. पण जेथे चामडे आहे तेथे जीव टाक्यावरच टांगलेला असतो.

डोंगर उतरून खाली या. कर्जतकडे उल्हास नदीचे खोरे, खालापुरकडे पाताळगंगेचे. भजनी मंडळाचा पखवाज सुरात राहतो तो चामड्याच्या वाद्यांच्या ताणावर. बैलाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा असतो. खोपोलीच्या बाजूला कारखान्यात जाणाऱ्याच्या पायात बूट असतात, शाळेच्या मुलाच्या पायात चप्पल असते. या साऱ्यांच्या मागे रापी आणि आरी आहे.

आता ती हकीकत. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत असे. मुलांना चामड्याचा लहान बटवा करायला शिकवावे म्हणून मी बाजारातून नव्या रापी आणि आऱ्या आणल्या. दोन आठवडे ठीक गेले. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा चामड्याची कड तासत होता. रापी पुढे जाईना म्हणून त्याने जोर केला, ती घसरली आणि डाव्या तळहातात गेली. चार टाके पडले. मी घाबरलो. मुलांच्या हातात इतकी धारदार हत्यारे देणे हीच आपली चूक, असे मला वाटले.

त्या हत्यारांची धार थोडी मारून घ्यावी, म्हणून मी ती नेरळ स्टेशनाजवळ बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्याने रापी उचलली, उन्हात तिरपी धरून तिची कड पाहिली आणि माझ्याकडे बघून हसला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पोराला ही धारेनं कापली नाय, बिनधारेनं कापली.”

मी म्हटले, “म्हणजे कसे, बाबा?”

“धारेची रापी तुम्ही न्याल तिकडं जाते. बोथट रापी तुमचा जोर नेईल तिकडं जाते. पोरानं जोर केला म्हणून ती सुटली.”

मग त्याने आपली रापी माझ्या हातात दिली आणि एक चामड्याचा तुकडा पुढे केला. मी जोर करायच्या तयारीने बसलो होतो. पण हात नुसता पुढे नेला आणि चामड्याची कागदासारखी पातळ फीत वळत वर आली. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसू लागलो. पुढे जे सांगतो त्यातले बरेचसे त्याचे आहे. थोडे मी नंतर वाचून आणि करून ताडून पाहिलेले आहे.

पहिली गोष्ट दगडाची. आपल्या भागात पायाखाली सगळा काळा दगड. विळा त्यावर चालतो, कारण साध्या विळ्याचे लोखंड मऊ असते आणि गवत-भात कापायला थोडी खरबरीत धार उलट बरीच पडते. रापीचे पोलाद मात्र पाणी देऊन कडक केलेले असते. काळ्या दगडाचे कण त्याच्यापेक्षा फारसे कठीण नसतात. त्यामुळे पोलाद कापले जात नाही, नुसते घासले जाते. शिवाय दगडात बारीक भोके असतात, ती कड ओरबाडतात. म्हणून रापीला कुरुंदाचा किंवा कार्बोरंडमचा दगड घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक कणांचा दगड मिळतो, तो पुरे. त्यावर पाणी तरी वापरावे नाहीतर पातळ तेल तरी. एकदा तेल पाजलेल्या दगडावर पाणी नीट बसत नाही. दगड मध्ये खोलगट झाला की त्यावर सरळ कड येत नाही, म्हणून दगडाच्या सगळ्या भागांवर हत्यार फिरवीत जावे.

दुसरी गोष्ट कोनाची. रापीची एक बाजू सपाट असते, तिला आपण पाठ म्हणू. दुसऱ्या बाजूला कडेकडे उतरत गेलेला भाग असतो, त्याला ढाळ म्हणू. हा ढाळ फार उभा असेल तर रापी चामड्यात शिरत नाही, आणि फार निजलेला असेल तर कड पातळ होऊन मोडते. मग माप कसे ठेवावे? कारागिराचे माप बोटांचे असते. कडेपासून मागे पाते तीन बोटे असेल, तर मागची बाजू दगडापासून एक बोट उचलावी. शिक्षकांनी हे कागदावर काढून पाहावे: काटकोन त्रिकोणाचा कर्ण तीन आणि उंची एक घेतली की कोन वीस अंशांच्या जरा आत येतो. तासण्याच्या हत्याराला हा कोन चांगला.

आता ढाळ दगडावर पूर्ण टेकवा. दोन बोटे कडेच्या जवळ पाठीवर ठेवा आणि हात न डुलवता घासा. हात डुलला की ढाळ गोल होतो, आणि गोल ढाळाची रापी कितीही घासली तरी कापत नाही. आधी जाड बाजूवर घासा. थोड्या वेळाने पाठीकडून कडेच्या बाहेर हलकेच बोट ओढून पाहा. बोट कडेच्या लांबीने मात्र कधी फिरवू नये. बोटाला बारीक खरखर लागेल. घासलेले पोलाद कडेवरून पलीकडे वळलेले असते, त्याची ती खरखर. ती कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली, म्हणजे आपण खरोखर कडेपर्यंत पोचलो. बहुतेक जण हे पाहतच नाहीत. कड अजून राहिलेली असते आणि ते थांबतात. खरखर सगळीकडे लागली की बारीक बाजूवर तसेच घासा. शेवटी पाठ दगडावर अगदी सपाट टेकवून दोन-चार हलके हात मारा. पाठ केसभरही उचलायची नाही.

तिसरी गोष्ट चामड्याच्या पट्टीची. न्हावी वस्तरा पट्टीवर ओढतो, ते आपण पाहिले आहे. तशीच एक पट्टी लाकडी फळीवर चिकटवावी आणि तिच्यावर चकाकी आणण्याची बारीक पेस्ट चोळावी. रापी या पट्टीवर ओढायची ती कड मागे ठेवून, म्हणजे आपण लोणी पसरतो तशी. कड पुढे करून ढकलली तर पट्टीच कापली जाईल. ढाळाकडून दहा हात, पाठीकडून दहा हात. दगडावर ठेवलेला कोनच येथे ठेवावा. काम चालू असताना दर अर्ध्या तासाने असे पट्टीवर ओढले तर दगडाकडे फार क्वचित जावे लागते. तो वृद्ध कारागीर दगड महिन्यातून दोन-तीनदा काढी. पट्टी मात्र त्याच्या मांडीशी सदैव असे.

धार आली की नाही हे कसे ओळखावे? कड उजेडात धरा. कडेवर कोठे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला, तर तेथे ती बोथट आहे; खरी धार चमकत नाही, कारण उजेड परतायला तिला रुंदीच नसते. मग चामड्याच्या तुकड्याची कड तासून पाहा. फीत अखंड आणि सारख्या जाडीची निघाली की झाले.

चौथी गोष्ट आरीची. पट्टे शिवायची सरळ आरी नीट पाहिली, तर तिचा छेद शंकरपाळ्यासारखा चौकोनी असतो. त्याचे कारण आहे. गोल टोचा चामड्याला गोल भोक पाडतो आणि ते उघडेच राहते. शंकरपाळ्याच्या आकाराची आरी तिरपी चीर पाडते, आणि दोरा आवळला की ती चीर मिटून दोऱ्याला धरते. शेजारच्या चिरा तिरप्या असल्याने दोन टाक्यांमध्ये चामडेही जास्त उरते. आरी बोथट असली तर ती चिरत नाही, फाडते. अशा भोकांची ओळ टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते आणि ताण आला की पट्टा त्याच ओळीवर फाटतो. लोक म्हणतात, दोरा कुजका होता. दोरा कुजका नव्हता. आरी बोथट होती.

आरीला धार लावताना तिच्या चारही बाजू एकेक करून बारीक दगडावर सपाट टेकवाव्यात आणि प्रत्येक बाजूला मोजून सारखे हात मारावेत. आरी बोटांत फिरवू नये. फिरवली की चौकोनाचा गोल होतो. टोक फार निमुळतेही करू नये, ते चामड्यात मोडून राहते. मग पट्टीवर घासून गुळगुळीत करावी. टोचताना चामड्यामागे बोट न ठेवता मेणाचा गोळा किंवा बुचाचा तुकडा धरावा. हाताला इजा होत नाही, आणि आरीला मेण लागून ती पुढच्या टाक्याला हलकी जाते.

चप्पल शिवायच्या आरीच्या टोकाला आकडा असतो. तिचे टोक धारदार हवे. पण आकड्याच्या आतल्या बाजूला धार मुळीच नको, नाहीतर ती ओढतानाच दोरा कापते. जाड दोऱ्याला पेस्ट लावून तो आकड्यातून दहा-वीस वेळा पुढेमागे ओढला की आतली बाजू गुळगुळीत होते. धार कोठे लावायची याइतकेच ती कोठे लावायची नाही हेही कळले पाहिजे.

पाचवी गोष्ट भोके पाडायच्या पोकळ पंचाची. त्याला धार नेहमी बाहेरून लावावी. दगडावर तिरपा धरून हळूहळू गोल फिरवीत न्यावा. आतून कानस घातली तर पंचाचे तोंड मोठे होते आणि भोकाचे माप चुकते. आत वळलेली खरखर कागदाची सुरळी फिरवून काढावी. आणि पंच दगडावर किंवा लोखंडावर ठेवून कधीही ठोकू नये. लाकडाच्या ठोकळ्याचे आडवे कापलेले तोंड वर घ्यावे आणि त्यावर चामडे ठेवून ठोकावे. एक चुकलेला घाव तासाभराची धार घालवतो.

हत्यार जपण्याविषयी तीन गोष्टी सांगतो. एक, विजेच्या चाकावर घाईने धार लावू नये. चाकावर पोलाद तापते. कडेवर आधी पिवळट, मग निळी झाक येते. निळी झाक आली म्हणजे कड तीनशे अंशांच्या आसपास तापली आणि तिचे पाणी उतरले असे समजावे. ती कड मऊ पडली; तेवढा भाग घासून टाकल्यावाचून धार टिकायची नाही. चाक वापरायचेच असेल तर शेजारी पाणी ठेवून हत्यार घडीघडी बुडवावे.

दोन, आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर कर्जत-खालापुरात भिंतीलाही ओल येते, मग पोलादाची काय कथा! गंजाने आधी खाल्ली जाते ती कडच, कारण तीच सर्वांत पातळ. काम संपल्यावर हत्यार कोरडे पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात द्यावा आणि लाकडी पेटीत ठेवावे. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे ओल धरते आणि त्यातील द्रव्यांनी गंज वाढतो.

तीन, धार लावून झाली की हात धुवावेत. हे स्वच्छतेपुरते सांगत नाही. सह्याद्रीच्या रानात हिरडा होतो. हिरडा, बाभळीची साल यांनी कमावलेल्या चामड्याला ओले असताना लोखंडाचा कीस लागला की काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करीत, तीच ही शाई. पोथी लिहायला ती उत्तम. पण नव्या पट्ट्यावर कोणाला हवी?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता आपल्याशी थोडे. एवढ्याशा कामात किती विद्या आहे ते आपण पाहिले. कोनमापन आहे, घर्षण आहे, पोलादाचे पाणी आहे, गंज आणि शाई आहे. हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे म्हटले आहे. सुताराकडे, कुंभाराकडे मुलांना नेण्याचे आपल्याला चटकन सुचते. चर्मकाराकडे नेण्याचे किती जणांना सुचते?

का सुचत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. लहानपणी चप्पल शिवायला गेलो की मी दोन हात लांब उभा राहून वरून पैसे टाकीत असे. मला तसे कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. मोठ्यांचे पाहून मी शिकलो होतो. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतः चपला शिवल्या आणि जनरल स्मट्स यांना भेट दिल्या, हा धडा मी वर्गात रंगवून सांगत असे. पण आमच्याच स्टेशनाबाहेरच्या कारागिराच्या शेजारी जमिनीवर बसायला मला मुलाचा हात कापेपर्यंत वेळ मिळाला नव्हता. खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवलेल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. ती वादी ज्या रापीने निघते तिचे नाव मात्र आपल्या मुलांना माहीत नसते. आणि ज्या घरात ते माहीत असते, त्या घरातला मुलगा वर्गात ते सांगायला लाजतो. ही लाज आपण त्याला दिली आहे, आणि ती आपणच काढून घेतली पाहिजे.

शेवटी मी त्या वृद्ध कारागिराला शाळेत बोलावले. तो दारापर्यंत आला आणि सवयीने वहाणा काढून पायरीवरच बसू लागला. मी त्याला आत नेऊन माझ्या खुर्चीवर बसवले. अवघडून बसला बिचारा! पण समोर दगड मांडला, रापी हातात घेतली आणि त्याचा अवघडलेपणा कोठल्या कोठे गेला. तासभर मुले हलली नाहीत. ज्याचा हात कापला होता तो मुलगा सगळ्यांत पुढे होता. त्याने स्वतः धार लावली, स्वतः फीत काढली आणि ती पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवली. बाबांना त्या दिवशीचे मानधन आम्ही मास्तरांनी वर्गणी काढून दिले. आपणही असे कोणाला बोलवाल तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते, हे विसरू नका.

श्रोतेहो, आपल्यापैकी जे हे काम करतात त्यांना मी नवीन असे थोडेच सांगितले असेल. एकच विनंती करतो: हे आपल्या मुलांना सांगा, आणि दुसऱ्यांच्या मुलांनी विचारले तर त्यांनाही सांगा. जे हे काम करीत नाहीत त्यांनी पुढच्या वेळी चप्पल शिवायला द्याल तेव्हा लांब उभे राहू नका. जवळ बसा, रापी बघायला मागा, कडेवर उजेड धरून पाहा आणि पैसे हातात द्या.